४०९७ वा बाइट

छोट्या मायक्रोकंट्रोलरवर काम करणारी चार माणसं एकत्र आली की थोड्या वेळाने एक प्रश्न निघतोच. कोणता कंपायलर सगळ्यात लहान कोड बनवतो? मग कोणीतरी एक तक्ता काढतं. एका कंपायलरने तीन केबी, दुसऱ्याने पाच केबी. झाला निकाल! कंपायलर म्हणजे जणू वजनकाट्यावर ठेवलेली भाजी.

माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा इतिहासात आहे. कोडचा आकार मोजायची गरज का पडली, कोणाला पडली आणि त्या आकड्याच्या मागे काय काय दडलेलं असतं, हे बघितल्याशिवाय तो तक्ता वाचता येत नाही. या शनिवारी तेवढंच करूया. विषय जरा कोरडा आहे, पण यात चिप बनवणारे, कंपायलर विकणारे, कंपायलर फुकट वाटणारे आणि खिशात पैसे नसलेले विद्यार्थी असे सगळेच येतात.

सुरुवात इंटेलच्या ८०५१ पासून करू. ही चिप १९८० साली आली. आत प्रोग्रॅमसाठी ४ केबी रॉम आणि डेटासाठी १२८ बाइट रॅम. हो, बाइटच. केबी नव्हे. तुम्ही आता वाचत असलेला हा परिच्छेदसुद्धा त्या रॅममध्ये मावणार नाही.

४ केबी म्हणजे ४०९६ बाइट. तुमचा प्रोग्रॅम ४०९६ बाइटचा असेल तर तुम्ही सुखी. ४०९७ चा झाला तर? आजच्या पीसीवर एक बाइट वाढला तर कोणाला कळतही नाही. इथे मात्र दोनच रस्ते होते. पहिला, मोठी चिप घ्या. ८०५२ मध्ये ८ केबी रॉम आणि २५६ बाइट रॅम होती, अर्थात जास्त पैसे मोजून. दुसरा रस्ता, प्रोग्रॅम बाहेरच्या ईप्रॉममध्ये ठेवा. पण मग ८०५१ चे पोर्ट ० आणि पोर्ट २ हे दोन्ही पत्ता आणि डेटा वाहून नेण्यात खर्ची पडतात. बत्तीस पिनांपैकी सोळा गेल्या. शिवाय पत्त्याचा खालचा अर्धा भाग धरून ठेवायला ७४३७३ सारखा एक लॅच लागतो. म्हणजे एका बाइटपायी दोन जादा चिप, नवा सर्किट बोर्ड आणि हातात उरलेल्या निम्म्याच पिना.

त्यात मास्क रॉमची भानगड वेगळी. मोठ्या संख्येने माल बनवायचा असेल तर प्रोग्रॅम कारखान्यातच चिपमध्ये कोरून घ्यायचे. एकदा कोरला की बदल नाही. काम करताना ८७५१ नावाची, अतिनील प्रकाशाने पुसता येणारी चिप वापरायची आणि सगळं पक्कं झालं की मास्कची ऑर्डर द्यायची. अशा जगात 'कोडचा आकार' हा शास्त्रीय कुतूहलाचा विषय नव्हता. तो थेट मालाच्या किमतीचा प्रश्न होता.

साहजिकच त्या काळात बरीचशी मंडळी असेंब्लीत लिहायची. उच्च पातळीची भाषा अगदीच नव्हती असं नाही. गॅरी किल्डॉल यांनी १९७३ साली इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा तयार केली होती आणि पुढे ८०५१ साठीही पीएल/एम-५१ आली. पण ऐंशीच्या दशकात सगळीकडे सी पसरू लागली आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

कारण सी आणि ८०५१ यांची पत्रिका अजिबात जुळत नव्हती.

सी वाढली ती पीडीपी-११ सारख्या यंत्रावर. मेमरी एकसलग, पॉइंटर कुठेही बोट दाखवणार, फंक्शनचे पॅरामीटर आणि स्थानिक व्हेरिएबल स्टॅकवर राहणार, आणि बहुतेक गणितं इंट मध्ये होणार. आता ८०५१ कडे बघा. स्टॅक पॉइंटर ८ बिटांचा आणि स्टॅक त्या आतल्या चिमुकल्या रॅममध्येच. 'स्टॅकच्या टोकापासून अमुक बाइट आत' असा पत्ता घेण्याची सोयच नाही. मेमरी एक नाही तर अनेक: आतली थेट, आतली अप्रत्यक्ष, बाहेरची आणि प्रोग्रॅमची. प्रत्येकीकडे जायच्या इन्स्ट्रक्शन वेगळ्या. बाहेरच्या मेमरीसाठी डीपीटीआर हे एकुलतं एक १६ बिटांचं रजिस्टर. आणि गणित करायचं म्हटलं की सगळ्यांनी एका ॲक्युम्युलेटरसमोर रांग लावायची.

शिवाय १९८९ च्या अन्सी सी चा नियम असा की चार प्रकारची संख्या गणितात आली की आधी इंट करा, म्हणजे निदान १६ बिट. ८ बिटांच्या चिपवर याचा अर्थ, जे काम एका बाइटमध्ये भागलं असतं ते दोन बाइटमध्ये करा. उत्तर बदलणार नसेल तर कंपायलर हे टाळू शकतो. पण 'बदलणार नाही' हे त्याला स्वतःला ओळखता आलं पाहिजे. इथेच चांगला कंपायलर आणि साधा कंपायलर वेगळे होऊ लागतात.

स्वीडनमधली आयएआर १९८३ साली सुरू झाली आणि एम्बेडेड कंपायलर हाच तिचा धंदा होता. जर्मनीतल्या काइल कंपनीचा सी५१ हा कंपायलर १९८८ साली आला. मुळात ८०५१ डोळ्यासमोर ठेवूनच तो लिहिला होता. या मंडळींनी सी ला ८०५१ च्या घरात कसं नांदवलं, हे मला फार आवडतं.

मुख्य युक्ती अशी. स्टॅकवर जागा नाही ना? मग स्थानिक व्हेरिएबल स्टॅकवर ठेवूच नका. प्रत्येक फंक्शनच्या व्हेरिएबलना रॅममध्ये ठरावीक पत्ता देऊन टाका. पण १२८ बाइटमध्ये सगळ्या फंक्शनना वेगळी जागा कशी पुरणार? तर लिंकरने अख्ख्या प्रोग्रॅमचं झाड काढायचं, कोण कोणाला बोलावतं ते. जी दोन फंक्शन एकाच वेळी जागी असूच शकत नाहीत, त्यांना तीच जागा वाटून द्यायची.

मुंबईच्या गिरणगावात चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा गडी कसे राहायचे? दिवसपाळीवाला कामावर गेला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला पथारी टाकायचा. खोली तीच, जागा तीच, माणूस वेगळा. अगदी तसंच. आणि दोन्ही पाळ्यांची माणसं एकाच वेळी घरी आली तर जी पंचाईत व्हायची, तीच इथे रिकर्शनमुळे होते, किंवा मुख्य प्रोग्रॅम वापरत असलेलं फंक्शन मध्येच इंटरप्टमधून पुन्हा बोलावलं तर होते. म्हणून काइलमध्ये अशा फंक्शनपुढे मुद्दाम 'रीएंट्रंट' असं लिहावं लागे. म्हणजे शुद्ध सी थोडी सोडायची आणि त्या बदल्यात कोड लहान ठेवायचा, असा हा सौदा.

आता थोडं हिशोबाचं काम करू. कागद-पेन्सिल घेतलीत तरी चालेल. समजा ए आणि बी या दोन एकबाइटी संख्यांची बेरीज करून सी मध्ये ठेवायची आहे. तिन्ही आतल्या रॅममध्ये असतील तर: ए उचला, २ बाइट. बी मिळवा, २ बाइट. उत्तर ठेवा, २ बाइट. एकूण ६.

आता तिन्ही बाहेरच्या मेमरीत न्या. डीपीटीआर मध्ये ए चा पत्ता भरायला ३ बाइट, वाचायला १, ते बाजूच्या रजिस्टरात ठेवायला १. बी चा पत्ता ३, वाचायला १, बेरीज १. उत्तराचा पत्ता ३, लिहायला १. एकूण १४. हेच संख्या दोन बाइटच्या असतील तर आतल्या रॅममध्ये १२ आणि बाहेर साधारण २६.

बघा, कंपायलर बदललेलाच नाही! सोर्समधली ओळही तीच. फक्त व्हेरिएबल कुठे राहतात ते बदललं आणि कोड दुपटीहून जास्त झाला. ८०५१ च्या कंपायलरमध्ये 'स्मॉल' आणि 'लार्ज' अशी मेमरी मॉडेल असतात. त्यांचा अर्थ एवढाच की, काही न सांगता व्हेरिएबल कुठे ठेवायचे. तेव्हा एका कंपायलरचा स्मॉल मॉडेलमधला आकडा दुसऱ्याच्या लार्ज मॉडेलमधल्या आकड्याशेजारी मांडला, तर त्या तक्त्यातून दोन कंपायलरमधला फरक कळत नाही. मांडणाऱ्याने कोणतं मेनू ऑप्शन निवडलं तेवढंच कळतं.

पॉइंटरचंही तेच. सर्वसाधारण पॉइंटर ८०५१ वर तीन बाइटचा असतो: दोन पत्त्याचे आणि एक 'कोणत्या मेमरीतला' हे सांगणारा. प्रत्येक वेळी वापरताना आधी मेमरी ओळखायची आणि मग त्या वाटेने जायचं. हे काम लायब्ररीतलं एक छोटं फंक्शन करतं. पण हा पॉइंटर फक्त प्रोग्रॅम मेमरीकडेच बघणार आहे, असं तुम्ही जाहीर केलंत, तर ती सगळी यातायात वाचते. जाहीर करण्याची ही तसदी घेणारा प्रोग्रॅमर आणि न घेणारा प्रोग्रॅमर, यांच्यातला फरक अनेकदा दोन कंपायलरमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो.

इथवर आपण पैसेवाल्यांच्या जगात होतो. आता दुसऱ्या बाजूला येऊ.

महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत मायक्रोकंट्रोलर म्हणजे अनेक वर्षं ८०५१ च. लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन ॲटमेलची एटी८९सी५१ घ्यायची. तीत ४ केबी फ्लॅश, म्हणजे अतिनील दिव्याची कटकट नाही. हार्डवेअरचा प्रश्न सुटला. पण कंपायलर? चांगले कंपायलर विकतचे आणि त्यांची किंमत कंपन्यांना परवडेल अशी. विद्यार्थ्यांसाठी होती ती मूल्यमापन आवृत्ती. काइलच्या सी५१ च्या अशा आवृत्तीला २ केबीची मर्यादा होती. आयएआरच्या एमएसपी४३० साठीच्या मोफत 'किकस्टार्ट' आवृत्तीला ४ केबी.

म्हणजे बघा काय परिस्थिती झाली. चिप ४ केबीची, खिशातून पैसे देऊन आणलेली. त्यातली अर्धी जागा कंपायलरने कुलूप लावून ठेवलेली. १९८० साली ४०९७ वा बाइट सिलिकॉनने अडवला होता, आता २०४९ वा बाइट परवान्याने अडवला. यात कंपन्यांची चूक म्हणता येणार नाही, त्यांचं पोट त्यावरच होतं. पण भिंत ती भिंतच.

या भिंतीला दार पाडलं ते एसडीसीसीने. 'स्मॉल डिव्हाइस सी कंपायलर'. संदीप दत्ता यांनी तो लिहिला आणि १९९९ साली जीपीएल परवान्याखाली खुला केला. सुरुवात ८०५१ पासून, पुढे झेड८०, पिक आणि इतरही चिप आल्या. कोणतीही मर्यादा नाही, सोर्स उघडा, आणि लिनक्सवरही चालणार.

मग लोकांनी लगेच तुलना सुरू केली, हे सांगायलाच नको. आणि बहुतेक तुलनांमध्ये ८०५१ साठी एसडीसीसीचा कोड काइलपेक्षा मोठा निघत असे. हे खरंच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कारणंही समजण्यासारखी आहेत. काइल फंक्शनचे तीनपर्यंत पॅरामीटर रजिस्टरांतून पाठवतो. एसडीसीसी ८०५१ वर पहिलाच पॅरामीटर रजिस्टरांतून पाठवायचा, बाकीचे मेमरीतून. ती चाळीतल्या खोलीची युक्ती काइलचा लिंकर अख्ख्या प्रोग्रॅमभर करतो. एसडीसीसी ती फक्त दुसऱ्या कोणाला न बोलावणाऱ्या, म्हणजे झाडाच्या टोकाच्या फंक्शनपुरती करायचा. शिवाय काइलच्या वरच्या ऑप्टिमायझेशन पातळ्यांवर, पुन्हा पुन्हा येणारे कोडचे तुकडे शोधून त्यांची सामाईक सबरूटीन बनवली जातात. वर्षानुवर्षं पगारी माणसांनी घासून घासून केलेलं काम आहे ते.

पण विद्यार्थ्याच्या बाजूने बघा. समजा एखादा प्रोग्रॅम काइलमध्ये २५०० बाइटचा होतो आणि एसडीसीसीमध्ये ३५०० चा. तक्त्यात काइल जिंकला. प्रत्यक्षात मात्र काइलची मोफत आवृत्ती तो बनवूनच देणार नाही आणि एसडीसीसीचा ३५०० बाइटचा कोड ४ केबीच्या चिपमध्ये आरामात बसेल. म्हणजे लहान कोड बनवणारा कंपायलर हरला आणि मोठा कोड बनवणारा जिंकला. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, पण पेच खराच होता.

पिक चिपांच्या बाबतीत याच गोष्टीला वेगळं वळण लागलं. ऑस्ट्रेलियातल्या हाय-टेक सॉफ्टवेअरचे पिकसाठीचे कंपायलर नावाजलेले होते. अख्खा प्रोग्रॅम एकदम बघून मगच कोड बनवायचा, ही त्यांची खासियत. मायक्रोचिपने २००९ साली ती कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये एक्ससी८ आणला. त्याच्या मोफत आवृत्तीत आकाराची मर्यादा नव्हती, पण चांगलं ऑप्टिमायझेशन पैसे दिल्यावरच मिळायचं. म्हणजे एकाच कंपायलरचे, एकाच सोर्ससाठी दोन आकडे! मग तक्त्यात 'एक्ससी८' एवढंच लिहिलं असेल तर त्यातला कोणता समजायचा?

आणि पिकच्या बाबतीत मोजमापाचाही घोळ आहे. पिक१६एफ८४ मध्ये '१ के' प्रोग्रॅम मेमरी असते, पण ती १४ बिटांच्या १०२४ शब्दांची. बाइटमध्ये सांगायचं तर १७९२. याउलट ॲटमेलच्या एटी९०एस१२०० मध्ये '१ के' म्हणजे १०२४ बाइट आणि तिची एक इन्स्ट्रक्शन १६ बिटांची, म्हणजे फक्त ५१२ इन्स्ट्रक्शन. दोन्ही डेटाशीटवर '१ के' च, पण एकीकडे इन्स्ट्रक्शन दुप्पट. अर्थात पिकची एक इन्स्ट्रक्शन एव्हीआरच्या एका इन्स्ट्रक्शनइतकं काम करतेच असंही नाही. तेव्हा वेगवेगळ्या चिपांमधली तुलना करताना 'किती बाइट' यापेक्षा 'चिपचा किती टक्के भाग भरला' हे विचारलेलं बरं.

एव्हीआरचं नाव निघालंच आहे तर तिची जन्मकथा सांगायलाच हवी, कारण कोडच्या आकाराच्या इतिहासातलं ते महत्त्वाचं वळण आहे. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी तिची मूळ कल्पना मांडली. पुढे ॲटमेलने ती उचलली आणि १९९६-९७ च्या सुमारास चिप बाजारात आल्या. महत्त्वाची गोष्ट अशी की चिप पक्की होण्याआधीच तिची रचना आयएआरच्या कंपायलर लिहिणाऱ्यांना दाखवली गेली आणि त्यांच्या सूचनांवरून इन्स्ट्रक्शन बदलल्या गेल्या. ८०५१ च्या वेळी आधी चिप झाली आणि मग कंपायलरवाल्यांनी डोकं आपटलं. इथे दोघं आधीच एका टेबलावर बसले.

याच्या खुणा एव्हीआरच्या इन्स्ट्रक्शनमध्ये आजही दिसतात. उदाहरणार्थ, ८ बिटांच्या रजिस्टरात स्थिर संख्या मिळवायची इन्स्ट्रक्शनच नाही! वजा करायची मात्र आहे. ५ मिळवायचे तर उणे ५ वजा करा. माणसाला हे विचित्र वाटतं, कंपायलरला काहीच वाटत नाही. आणि वाचलेली जागा दुसऱ्या कामाच्या इन्स्ट्रक्शनना मिळते.

दुसरी खूण आणखी हुशार आहे. ३२ बिटांच्या दोन संख्या समान आहेत का हे बघायला ८ बिटांच्या चिपला चार वेळा तुलना करावी लागते. साध्या चिपवर प्रत्येक बाइटनंतर 'शून्य आलं का' हे तपासून उडी मारावी लागेल. एव्हीआरमध्ये हातच्यासह तुलना करणारी इन्स्ट्रक्शन शून्याचा झेंडा नव्याने उभारत नाही. आधीच्या बाइटमध्ये तो पडला असेल तर पडलेलाच ठेवते. त्यामुळे चार तुलना सलग करा आणि शेवटी एकदाच तपासा. तीन उड्या वाचल्या. असेंब्लीत लिहिणारा माणूस याकडे बघतही नाही. सी मधल्या प्रत्येक लाँग तुलनेत मात्र हे बाइट वाचतात.

एव्हीआरसाठी पुढे जीसीसी आला. तो मोफत होता आणि चांगलाही. २००५ नंतर अर्डुइनोमुळे तो जगभर पोचला. पण जीसीसी मुळात मोठ्या, एकसलग मेमरीच्या यंत्रांसाठी लिहिलेला. एव्हीआरची प्रोग्रॅम मेमरी आणि डेटा मेमरी वेगवेगळी. त्यामुळे तुम्ही नुसती एखादी स्ट्रिंग लिहिलीत की ती फ्लॅशमध्ये तर राहतेच, शिवाय सुरुवातीला रॅममध्येही उतरवली जाते. एटीमेगा८ ची रॅम अवघी १ केबी. मेनूचे चार संदेश लिहिले की तिचा मोठा तुकडा गेला. हे टाळायला तसं वेगळं सांगावं लागतं. नुसत्या कोडच्या आकाराच्या तक्त्यात हा खर्च दिसतसुद्धा नाही, कारण तो रॅमच्या खात्यावर पडतो.

आता लायब्ररी. सगळ्यात मोठा गुन्हेगार प्रिंटएफ. एक ओळ लिहायची आणि तिच्यामागून वरात येते: आकडे लिहिणं, सोळाच्या पायातले आकडे, रुंदी, डावी-उजवी बाजू, सगळं. एव्हीआर लिबसीमध्ये म्हणूनच त्याच्या तीन आवृत्त्या आहेत: किमान, नेहमीची आणि दशांश अपूर्णांकवाली. एसडीसीसीमध्येही ८०५१ साठी छोट्या-मोठ्या अशा आवृत्त्या आहेत. दोन कंपायलरच्या तुलनेत प्रिंटएफ असेल तर ती तुलना कंपायलरची राहत नाही, लायब्ररी लिहिणाऱ्यांची होते. फ्लोटचंही तसंच. एक फ्लोट व्हेरिएबल आलं की बेरीज, गुणाकार, भागाकार करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी मागोमाग हजर.

हा लायब्ररीचा आणि स्टार्टअपचा खर्च एकदाच होतो, हे लक्षात घेतलं की आणखी एक गोष्ट उलगडते. समजा क कंपायलरचा ठरलेला खर्च ९०० बाइट आणि नंतर दर शंभर ओळींना ५०० बाइट. ख चा ठरलेला खर्च २०० आणि दर शंभर ओळींना ७००. शंभर ओळींचा प्रोग्रॅम घेतला तर क १४००, ख ९००. ख जिंकला. पाचशे ओळींचा घेतला तर क ३४००, ख ३७००. क जिंकला. साडेतीनशे ओळींना दोघं सारखे. आता एलईडी लुकलुकवणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम घेऊन केलेल्या तुलनेला काय अर्थ आहे, तुम्हीच सांगा. निदान दोन वेगवेगळ्या आकारांचे प्रोग्रॅम घेतल्याशिवाय हा उतार कळतच नाही.

प्रमाणित चाचण्या नव्हत्या असं नाही. राइनहोल्ड वायकर यांची ड्राइस्टोन १९८४ पासून होती, पण तिच्यात स्ट्रिंगची कामं बरीच, म्हणजे पुन्हा लायब्ररी. ईईएमबीसी ही संस्था १९९७ साली निघाली आणि तिची कोअरमार्क २००९ साली आली. मात्र या चाचण्या मुख्यतः वेग मोजण्यासाठी आहेत. तुमच्या धुलाई यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये किती बिटांची चाळवाचाळव आहे, याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही.

आणि काही चुका तर अगदीच बाळबोध, पण त्या वारंवार दिसतात. हेक्स फाइलचा आकार हा कोडचा आकार समजणं, ही त्यातली पहिली. इंटेल हेक्समध्ये प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिला जातो. वर प्रत्येक ओळीला कोलन, लांबी, पत्ता, प्रकार आणि चेकसम. १६ बाइटची एक ओळ म्हणजे ४३ अक्षरं, विंडोजवर ओळ संपवायची दोन धरून ४५. त्यामुळे ४०९६ बाइटच्या कोडची फाइल साडेअकरा हजारांच्या आसपास जाते. दुसरी चूक, चाचणीच्या प्रोग्रॅममधलं उत्तर कुठेच न वापरणं. मग हुशार कंपायलर सगळं गणितच उडवून टाकतो आणि तक्त्यात त्याच्या नावापुढे थक्क करणारा आकडा लागतो. वाचणारा म्हणतो, वा!

हा सगळा इतिहासच झाला, आता तर मेमरी स्वस्त आहे, असं कोणी म्हणेल. काही अंशी खरं आहे. २०२२ साली आलेल्या सीएच३२व्ही००३ मध्ये ३२ बिटांचा रिस्क-फाइव्ह गाभा, १६ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम आहे, आणि किंमत दहा सेंटच्या घरात. १९८० च्या माणसाला हे स्वप्नच वाटलं असतं. पण त्याच बाजारात पाडौकची पीएमएस१५०सी सुद्धा आहे. तीन सेंटची चिप म्हणून २०१८ च्या सुमारास ती गाजली. तिच्यात १०२४ शब्दांची, एकदाच लिहिता येणारी प्रोग्रॅम मेमरी आणि ६४ बाइट रॅम. म्हणजे रॅम ८०५१ च्याही निम्मी! खेळणी, दिवे, टूथब्रश असा माल लाखांनी बनतो, तिथे सात सेंटचा फरक म्हणजे सगळा नफा. आणि एकदाच लिहिता येते, म्हणजे मास्क रॉमचाच पुनर्जन्म. १०२५ वा शब्द इथेही भिंतीवर आपटतो.

गंमत म्हणजे पाडौकचं स्वतःचं साधन पूर्ण सी देत नाही, त्यांची 'मिनी-सी' नावाची बोली देतं. खरा सी कंपायलर या चिपांना मिळाला तो एसडीसीसीकडून. आणि तो एसडीसीसीसुद्धा १९९९ चा राहिला नव्हता. फिलिप क्लाउस क्राउझ यांनी रजिस्टरांचं वाटप करण्याची नवी पद्धत त्यात आणली. उपलब्ध रजिस्टरांची संख्या थोडी असते, हीच गोष्ट फायद्यात घेऊन सर्वोत्तम वाटप वाजवी वेळात शोधायचं, असा तो विचार. २०१३ साली त्यांनी तो शोधनिबंध म्हणून मांडला. झेड८० आणि पुढे एसटीएम८ सारख्या चिपांना त्याचा लाभ झाला. ८०५१ ची शाखा त्या वेळी जुन्याच पद्धतीवर राहिली. म्हणजे 'एसडीसीसीचा कोड मोठा असतो' हे विधानसुद्धा कोणत्या चिपसाठी आणि कोणत्या वर्षी, हे विचारल्याशिवाय खरं-खोटं ठरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असा तक्ता समोर आला तर एवढं विचारा. चिप कोणती? कंपायलरची आवृत्ती कोणती आणि परवाना कोणता? मेमरी मॉडेल आणि ऑप्टिमायझेशन काय होतं? लायब्ररी धरली की वगळली? रॅम किती गेली? सोर्स बघायला मिळेल का? आणि सगळ्यात शेवटी, ज्याला हा आकडा हवा आहे त्याची भिंत नेमकी कुठे आहे? ४०९६ वर, २०४८ वर की १०२४ वर? भिंत लांब असेल तर दहा टक्क्यांचा फरक कोणाच्या खिजगणतीतही नसतो. भिंत जवळ असेल तर एका बाइटचाही असतो.

असो. पुढच्या शनिवारी जमलं तर एसडीसीसी आणि एव्हीआर-जीसीसी यांच्या लिस्टिंग फाइल कशा वाचायच्या त्यावर लिहीन. तोवर तुमच्याकडे एखादा जुना ८०५१ चा प्रोग्रॅम पडला असेल तर स्मॉल आणि लार्ज अशा दोन्ही मॉडेलमध्ये बनवून बघा. तोच कंपायलर, तोच सोर्स. आकडे बघाल तेव्हा मी काय म्हणतोय ते कळेल.